वॉटरजेट कॅटमरान फेरी: सिम्युलेटरमध्ये वळवायची कशी, थांबवायची कशी

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत मोटार टाकताना डिलिव्हरी पाइपाचं तोंड कुणी दाबून धरलेलं नसलं तर काय होतं, हे खानदेशात लहान पोरालाही ठाऊक असतं. पाणी सुटतं एका दिशेला आणि पाइप उसळतो दुसऱ्या दिशेला. तोंड डावीकडे फिरवलं की पाइप उजवीकडे रेटा देतो. तोंडापुढे घमेलं आडवं धरलं की पाणी उलटं अंगावर येतं. आणि मोटार बंद केली की पाइप मुकाट पडून राहतो. मग तोंड कुठेही फिरवा, काही होत नाही.

वॉटरजेट फेरी म्हणजे हाच पंप, फक्त बोटीच्या पाठीमागे बसवलेला. कॅटमरान म्हणजे दोन हल, म्हणजे बोटीची दोन लांब धडं, शेजारी-शेजारी जोडलेली बोट. वरच्या चार गोष्टींतली शेवटची सगळ्यात आधी डोक्यात बसवून घ्या. या बोटीला पाण्यात बुडालेलं सुकाणूचं पातं नसतं. जेटमधून पाणी सुटतंय तोवरच ती वळते. ट्रॅक्टरची किंवा प्रोपेलरच्या जहाजाची सवय असलेला माणूस धक्का जवळ आला की घाबरून थ्रॉटल शून्यावर ओढतो, आणि नेमक्या त्या क्षणी बोट हातातून जाते: वेग अजून बाकी, सुकाणू मात्र मेलेलं. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमधल्या बहुतेक धडका अशाच होतात. म्हणून या बोटीचा पहिला नियम असा, की जवळ आल्यावर वेग कमी करायचा तो पंप बंद करून नाही, पंप चालू ठेवून पाण्याचं तोंड वळवून.

मागे नेमकं काय असतं

हलच्या तळाला पाणी आत घेणारं तोंड असतं, त्यावर बहुधा जाळी. आत इंपेलर, सबमर्सिबल पंपात असतो तसाच, फक्त आकाराने राक्षसी. इंपेलरने गरगरवलेलं पाणी स्थिर पात्यांतून सरळ होऊन नोझलमधून मागे सुटतं. नोझल डावी-उजवीकडे वळतं. मोठ्या जेटमध्ये साधारण ३० अंशांपर्यंत. नोझलच्या मागे बकेट असते, म्हणजे आपलं घमेलं. ती वर असली की पाणी सरळ मागे जातं आणि बोट पुढे पळते. पूर्ण खाली आली की पाणी वळून खालून पुढच्या दिशेला जातं आणि बोट मागे ओढली जाते. मध्ये कुठेतरी अशी जागा असते जिथे पुढचा आणि मागचा रेटा सारखा होतो आणि बोट जागच्या जागी उभी राहते. इंपेलर या सगळ्या वेळात एकाच दिशेने फिरत असतो. रिव्हर्ससाठी गिअर लागत नाही, म्हणून पुढून मागे जायला फक्त बकेट हलण्याइतका वेळ लागतो.

आज वापरात असलेल्या जेटचं मूळ रूप न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात घडवलं. ते मेंढ्यांच्या मोठ्या फार्मचे मालक होते, आणि त्यांना दगडगोट्यांनी भरलेल्या उथळ नद्यांतून बोट न्यायची होती, जिथे प्रोपेलर पहिल्याच गोट्यावर मोडला असता. उन्हाळ्यातली तापी पाहिलेल्याला ती अडचण वेगळी समजावून सांगायला नको. तिथून हे यंत्र फार लांब गेलं. टास्मानियातल्या होबार्टच्या इन्कॅटने बांधलेल्या ‘फ्रान्सिस्को’ या ९९ मीटरच्या कॅटमरानने २०१३ च्या चाचण्यांत ५८.१ नॉटचा वेग गाठला, म्हणजे ताशी १०७ किलोमीटरच्या वर. आपल्याकडे जून २०२५ मध्ये नौदलात आलेली ‘आयएनएस अर्नाळा’ डिझेल इंजिन आणि वॉटरजेटवर चालते. नाव वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं. तापी समुद्राला मिळते त्या भागातल्या हजिऱ्याहून घोघ्याला २०२० पासून रो-पॅक्स (गाड्या आणि प्रवासी दोन्ही नेणारी) फेरी जाते, पण ती प्रोपेलरची. तिच्यासारखं समजून वॉटरजेट हाकायला गेलात तर फसाल.

पुढचे सगळे आकडे ४० मीटर लांबीची, ३५ नॉटने चालणारी, प्रत्येक हलमध्ये एक जेट असलेली प्रवासी फेरी धरून दिले आहेत. सिम्युलेटरमधलं तुमच्या बोटीचं मॉडेल मोठं असेल तर अंतरं वाढवा. स्क्रीनवर पोर्ट म्हणजे डावं आणि स्टारबोर्ड म्हणजे उजवं. इथे डावं-उजवंच म्हटलंय.

टेबलावरची तयारी

दोन्ही जेटना वेगवेगळा लिव्हर हवाच. एकाच लिव्हरवर दोन्ही बांधले तर या बोटीची अर्धी ताकद वाया जाते. लॉजिटेकचं तीन लिव्हरचं थ्रॉटल क्वाड्रंट चालतं: दोन लिव्हर जेटना, तिसरा मोकळा ठेवा. सुकाणूला साधा जॉयस्टिकही पुरतो. कीबोर्डवर सराव करायचा असेल तर एका दाबाला नोझल किती अंश वळतं ते आधी बघा. काही मॉडेलमध्ये की सोडली की नोझल आपोआप मध्यावर येतं, काहींत होतं तिथेच राहतं. ही दुसरी तऱ्हा माहीत नसली की बोट गोल गोल फिरत राहते आणि माणूस वाऱ्याला दोष देतो.

कॅलिब्रेशन करताना लिव्हरचा मध्य नीट बांधा. मध्याजवळ दोन-तीन टक्के निष्क्रिय पट्टा ठेवा, म्हणजे लिव्हर हलला तरी काही न होणारी जागा. जास्त नको. जास्त ठेवलात तर धक्क्याजवळचं बारीक काम होत नाही, कारण तिथलं सगळं काम मध्याच्या आजूबाजूच्या दहा टक्क्यांतच चालतं.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असताना कॉम्प्युटर तापून आपोआप मंद होतो आणि चित्र अडखळायला लागतं. गाडीच्या खेळात ते खपून जातं. इथे हात आणि बोट यांच्यात आधीच काही सेकंदांचं अंतर असतं, त्यात चित्र उशिरा आलं की माणूस जास्त वळवतो, मग उलटं जास्त वळवतो, आणि बोट नागमोडी पळते. बाजूचं झाकण काढून पंखा लावा. कूलरचा ओला झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नका. सेटिंगमध्ये पाण्याच्या चित्राची गुणवत्ता कमी केली तरी बोटीच्या वागण्यात फरक पडत नाही, तेव्हा ती बिनधास्त कमी करा. लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर लांबची फेरी त्या वेळेत सुरू करू नका. छोटा यूपीएस कसाबसा सेव्ह करण्यापुरताच टिकतो.

आधी शून्य शोधा

वारा नाही, प्रवाह नाही, लाट नाही अशी मोकळी जागा निवडा. दोन्ही लिव्हर मध्यावर ठेवा, नोझल सरळ. आता वेगाच्या काट्याकडे एक मिनिट बघत राहा. बोट पुढे सरकत असेल तर दोन्ही लिव्हर केसभर मागे घ्या, मागे सरकत असेल तर केसभर पुढे. बोट खरोखर उभी राहिली की बकेटच्या दर्शकावर किती टक्के दिसतायत ते लिहून ठेवा. हा आकडा तुमच्या मॉडेलचा शून्य. तो लिव्हरच्या मध्याशी जुळेलच असं नाही, आणि डाव्या-उजव्या जेटचा सारखाच असेल असंही नाही. कागदाची चिठ्ठी करून स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

त्यानंतर बकेट पूर्ण वरून पूर्ण खाली यायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. पुढे थांबण्याचं प्रत्येक गणित या आकड्यावर उभं राहतं.

तिसरी चाचणी लोक टाळतात, आणि पुढे तीच अंगाशी येते. बकेट पूर्ण खाली घ्या, बोट दोन-तीन नॉटने मागे जाऊ द्या, आणि सुकाणू उजवीकडे १० अंश वळवा. जेटच्या बनावटीप्रमाणे दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एका प्रकारात बकेट एका जागी पक्की असते आणि नोझल तिच्या आत वळतं. तिथे सुकाणू उजवीकडे म्हणजे बोटीचं पुढचं टोक उजवीकडेच जातं, बोट पुढे जात असो की मागे. मागे जाताना याचा अर्थ असा, की मागचं टोक डावीकडे सरकतं, म्हणजे मोटारगाडीच्या अगदी उलट. दुसऱ्या प्रकारात बकेट नोझलसोबतच वळते. मग उलटलेलं पाणी नोझलच्याच रेषेत परत फेकलं जातं आणि मागचं टोक गाडीसारखं सुकाणूच्या बाजूला जातं. या दुसऱ्या प्रकारात आणखी एक मेख आहे. बकेट शून्यावर असताना अर्धं पाणी एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे रेटतं, त्यामुळे सुकाणूचा जोर जवळपास मावळतो. तुमचं मॉडेल कुठल्या जातीचं आहे हे कळेपर्यंत धक्क्याकडे जाऊ नका.

वेगात वळवताना

कॅटमरानचे दोन लांब, निमुळते हल म्हणजे पाण्यात टाकलेले दोन रूळ. ती सरळ पळायला फार शहाणी असते आणि वळायला नाखूश. वळण सुरू व्हायला वेळ घेते, आणि एकदा सुरू झालं की सोडायलाही वेळ घेते. नवखा माणूस ५ अंश देतो, दोन सेकंद काही होत नाही म्हणून १५ देतो, आणि तेवढ्यात पहिले ५ लागू होतात. मग एकदम सगळं.

२५ नॉटच्या वर असताना सुकाणूला ५ ते ७ अंशांच्या पुढे नेऊ नका. वळण नोझलच्या अंशांवर मोजायचं नसतं. ते वळण्याच्या दराच्या काट्यावर मोजायचं, जो दर मिनिटाला किती अंश वळतोय ते दाखवतो. तोंडी करता येईल असा हिशोब आहे: वेगाचे नॉट भागिले वळणाची त्रिज्या सागरी मैलांत (एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर; पुढे मैल म्हटलंय तो हाच), की आला जवळपास तोच दर. ३५ नॉटने एक मैल त्रिज्येचं वळण हवं असेल तर दर मिनिटाला सुमारे ३५ अंश. २० नॉटने अर्ध्या मैलाचं हवं असेल तर ४०. खरं उत्तर यापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी कमी येतं, पण हातात लिव्हर असताना एवढं पुरेसं आहे.

समजा ९० अंशांचं वळण घ्यायचंय, ३५ नॉटने, एक मैल त्रिज्येचं. सुकाणू ४-५ अंश द्या आणि थांबा. काटा २५ च्या पुढे जाऊ लागला की सुकाणू २-३ अंशांवर आणा. काटा ३५ च्या आसपास स्थिरावेल. पूर्ण वळायला अडीच मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. नवी दिशा यायला १० अंश उरले की सुकाणू मध्यावर आणा, आणि काटा तरीही रेंगाळत असेल तर उलट बाजूला दोनेक अंश क्षणभर द्या. आधी दोन-चार वेळा दिशा ओलांडून जाल, मग हाताला अंदाज येतो.

वळताना वेगही पडतो. बहुतेक कॅटमरान मोटारसायकलसारखी आत झुकत नाही. घाटातल्या एसटीसारखी थोडी बाहेर झुकते. त्यामुळे आतल्या बाजूचा हल जरा उचलला जातो. त्यात बाजूने लाट आली तर त्या हलचं पाणी घेणारं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा धरतो. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह उघडा पडल्यावर होतं तेच: आवाज बदलतो, त्या बाजूचा आरपीएम (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या) उसळतो, रेटा गायब होतो, आणि दुसऱ्या बाजूचा जेट बोटीला या बाजूला फिरवतो. उजव्या जेटने हवा धरली तर बोट उजवीकडे खेचली जाते. अशा वेळी सुकाणूने भांडू नका. दोन्ही लिव्हर थोडे खाली घ्या, नोझल सरळ करा, पंपाला पाणी धरू द्या, मग हळूहळू वाढवा. आरपीएम उसळताना तसाच सोडला तर चांगल्या मॉडेलमध्ये इंजिन स्वतःला बंद करून घेतं.

वेग उतरवणं

३५ नॉट म्हणजे सेकंदाला १८ मीटर. दोन सागरी मैलांवरचा धक्का या वेगाने साडेतीन मिनिटांच्या आत अंगावर येतो. मालगाडीचा चालक भुसावळ यार्ड दिसल्यावर ब्रेक लावत नाही, कितीतरी आधी लावतो. इथेही हिशोब तोच.

वरच्या वेगातून बोट खाली येते ती फसवी सहजतेने. पाण्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या आसपास वाढतो, म्हणून ३५ वरून लिव्हर थोडा ओढला की २५ पर्यंत झरकन उतरते. माणसाला वाटतं, ब्रेक चांगले आहेत. खरी अडचण खाली आहे. १० नॉटच्या खाली पाण्याचा अडसर नगण्य होतो, वर इंजिन आयडलला, म्हणजे कमीत कमी आरपीएमवर, असलं आणि बकेट वरच असली तर जेट बोटीला पुढे ढकलतच राहतो. कित्येक मॉडेल या अवस्थेत ६-७ नॉटने आरामात चालत राहतात. शेवटचे पाच-सहा नॉट आपोआप मरत नाहीत. ते बकेटनेच मारावे लागतात.

म्हणून वेग उतरवण्याचे दोन वेगळे भाग करा. ३५ ते १२ हा भाग आरपीएमचा; १२ पासून शून्यापर्यंतचा बकेटचा. एकत्रित लिव्हरच्या मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे एका जेटचा आरपीएम आणि बकेट एकाच लिव्हरवर असतात तिथे, कंट्रोल सिस्टीम ही जोडी आपोआप सांभाळते. तिथेही लिव्हरच्या कुठल्या खुणेपासून बकेट हलायला लागते ते दर्शकावर बघून ठेवा.

शांत पाण्यात, वारा नसताना, धक्क्यापासूनची अंतरं अशी धरून चाला. दोन मैलांवर दोन्ही लिव्हर एकदम, सारखे, हळूहळू मागे घ्यायला सुरुवात. सव्वा मैलावर २५ नॉट. त्यानंतर २० ते १५ हा पट्टा रेंगाळत न बसता ओलांडायचा आणि पाऊण मैलावर १२ ला यायचं. चार दशांश मैलावर ८. मग केबलमध्ये मोजायचं. एक केबल म्हणजे मैलाचा दहावा भाग, १८५ मीटर. दोन केबलवर ५ नॉट, एका केबलवर ३, आणि शेवटच्या ५० मीटरवर १. एक नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ते शेवटचे ५० मीटर जायला पावणेदोन मिनिटं लागतील. तो वेळ असह्य वाटतो, ‘चल ना भो’ असं तोंडात येतं. येऊ द्या. बंदराची वेगमर्यादा यापेक्षा कमी असेल तर अर्थातच तीच पाळायची.

२० ते १५ चा पट्टा घाईने का ओलांडायचा? ४० मीटर लांबीच्या बोटीला साधारण या वेगात तिने स्वतःच उठवलेली लाट लांबीच्या जवळपास येते. मागचं टोक खाली बसतं, पुढचं वर उचलतं, इंधन सगळ्यात वाया जातं आणि किनाऱ्यावर सगळ्यात मोठी लाट आदळते. नांगरलेल्या होड्या त्यानेच हेलकावे खातात, आणि सिम्युलेटर गुण कापतो तो इथे. या पट्ट्यातून खाली आल्यावर आपलीच मागून येणारी लाट आपल्याला गाठते, मागचं टोक उचलते आणि बोटीला क्षणभर पुढे ढकलते. काटा ९ वरून परत १० वर गेला तर घाबरून बकेट पूर्ण खाली मारू नका, लाट पुढे निघून जाऊ द्या.

१२ नॉटच्या खाली आरपीएम आयडलच्या किंचित वर ठेवा आणि बकेट टप्प्याटप्प्याने खाली आणा. पंप चालू आहे, म्हणून सुकाणू जिवंत आहे. पाण्याचा वाटा पुढे-मागे वाटला जातोय, म्हणून वेग उतरतोय. दोन्ही बकेट समान टक्क्यांवर आहेत ना, ते डोळ्याने तपासत राहा. पाच टक्क्यांचा फरकही बोटीला तिरकी करतो, कारण दोन जेटमधलं अंतर आठ-नऊ मीटर असतं आणि तेवढी लांब तरफ फरक मोठा करून दाखवते.

एकदम थांबवायची वेळ

समोर होडी आडवी आली आणि वळायला जागा नाही. क्रम असा: दोन्ही इंजिनांचा आरपीएम एकाच वेळी आयडलवर (पंप बंद नाही), सुकाणू मध्यावर. आरपीएम उतरलेला दिसला की दोन्ही बकेट पूर्ण खाली. बकेट खाली बसल्याचं दर्शकावर दिसल्यावरच आरपीएम चढवा, साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत. वेग ३-४ नॉटवर आला की बकेट उचलायला लागा. नाहीतर बोट थांबून लगेच मागे धावायला लागते, आणि मागे काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं.

क्रम उलटा केला, म्हणजे पूर्ण आरपीएमवर बकेट खाली मारली, तर पुढचं टोक पाण्यात खुपसतं आणि उभे असलेले प्रवासी आडवे होतात. एक बकेट दुसरीच्या आधी पोहोचली तर बोट जोरात आडवी फिरते. ३५ नॉटवर हे कधीच गंमत म्हणून करून बघू नका असं खऱ्या बोटीवर सांगितलं जातं. सिम्युलेटरमध्ये मात्र जरूर करून बघा, दहा वेळा, आणि दर वेळी किती मीटरवर थांबली ते लिहा.

खूप वेळ मागचा जोर लावून ठेवला की बकेटमधून सुटलेलं फेसाळ पाणी तळाखालून परत पंपाच्या तोंडात जातं. पंप पुन्हा हवा धरतो आणि मागचा रेटा पडतो. काही क्षण आरपीएम उतरवा, स्वच्छ पाणी येऊ द्या. मागचा जोर पुढच्यापेक्षा बराच कमी असतो हेही विसरू नका.

जागच्या जागी फिरणं आणि आडवं सरकणं

जागच्या जागी फिरवणं सोपं: डावीकडे फिरायचं तर उजवा जेट थोडा पुढे, डावा थोडा मागे, सुकाणू मध्यावर. मागचा रेटा दुबळा असल्याने मागे ओढणारा लिव्हर जरा जास्त द्यावा लागतो, नाहीतर फिरता फिरता बोट पुढे सरकते.

आडवं सरकणं हे खरं कसब. डावीकडच्या धक्क्याला लागायचंय असं धरा. उजवा जेट पुढे, डावा मागे. यामुळे पुढचं टोक डावीकडे फिरायला लागतं. आता पक्क्या बकेटच्या प्रकारात सुकाणू उजवीकडे वळवा. नोझलचं पाणी मागच्या टोकाला डावीकडे रेटतं आणि पुढच्या टोकाचं फिरणं थांबतं. फिरणं थांबलं, रेटा उरला, बोट अख्खी डावीकडे सरकते. पुढचं टोक आधी धक्क्याकडे चाललं तर सुकाणू वाढवा. मागचं आधी चाललं तर सुकाणू कमी करा. अशी दुरुस्ती करताना सुकाणू आधी, लिव्हर नंतर, हा क्रम ठेवला की गोंधळ होत नाही.

बकेट नोझलसोबत वळणाऱ्या प्रकारात हीच युक्ती चालत नाही, कारण पुढे ढकलणारा आणि मागे ओढणारा जेट एकमेकांचा आडवा रेटा खाऊन टाकतात. तिथे दोन्ही नोझल वेगळी करून बाहेरच्या बाजूंना वळवावी लागतात, उजवं उजवीकडे आणि डावं डावीकडे. मॉडेलला एकत्रित जॉयस्टिक असेल तर ती हे स्वतः करते; नसेल तर नोझल वेगळं करण्याचं बटण शोधून ठेवा.

वारा असला की सगळं अवघड. ही बोट वजनाने हलकी, उंचीने मोठी आणि पाण्यात जेमतेम दीड-दोन मीटर बुडालेली. जेट सगळे मागे, त्यामुळे कमी वेगात पुढचं टोक वारा नेईल तिकडे जातं. वारा धक्क्यापासून दूर ढकलत असेल तर २०-२५ अंशांच्या कोनात, वेग किंचित जास्त ठेवून या, म्हणजे पुढचा दोर लवकर लागतो. वारा धक्क्याकडे ढकलत असेल तर २०-३० मीटर बाहेरच समांतर उभे राहा आणि वाऱ्यालाच आणू द्या. तुमचं काम फक्त उलट्या बाजूचा आडवा रेटा देऊन तो वेग रोखायचं. खंबातच्या आखातासारखा जोरदार भरती-ओहोटीचा प्रवाह लावला असेल तर वेगाचे दोन आकडे वेगळे वाचा, पाण्यातला आणि जमिनीवरचा. धक्क्याशी गाठ जमिनीवरच्या वेगाची पडते.

एक जेट गेला तर

उजवं इंजिन बंद पडलं तर डावा जेट बोटीला उजवीकडे फिरवतो. पुढे जाताना सुकाणू कायम थोडं डावीकडे द्यावं लागतं. थांबायला डावी बकेट खाली घेतली की उलटं होतं, पुढचं टोक डावीकडे फिरतं. म्हणून एका जेटवर धक्क्याला लागायचं तर शक्यतो चालू जेटची बाजू धक्क्याकडे ठेवा आणि कोन लहान घ्या. थांबवताना पुढचं टोक धक्क्याकडे वळणार, हे धरूनच जरा बाहेर राहा. आरपीएम ठीक, पण वेग नाही आणि थरथर जाणवते, असं असेल तर पंप बंद पडलेला नाही, जाळीत कचरा अडकलाय. आरपीएम वाढवून तो निघत नाही. थांबा, आणि मॉडेलमध्ये उलटं पाणी मारून जाळी धुण्याची सोय असेल तर ती वापरा.

धक्क्याला टेकल्यावर

बोट टेकली की पुढचा दोर आणि स्प्रिंग आधी लावा. स्प्रिंग म्हणजे बोटीच्या पुढच्या भागातून तिरका मागे धक्क्यावर जाणारा दोर. स्प्रिंगवर जोर घेऊन जेट किंचित पुढे ठेवला आणि सुकाणू धक्क्याच्या विरुद्ध बाजूला दिलं तर बोट धक्क्याला चिकटून राहते आणि मागचा दोर निवांत लावता येतो. सगळे दोर लागेपर्यंत लिव्हरवरचा हात काढू नका. शून्यावर असतानाही जेट पाणी फेकतच असतो, फक्त दोन्हीकडे सारखं. शून्य जराही चुकलं तर बोट दोर ताणत सरकते. रॅम्प टाकण्याआधी चिठ्ठीवरच्या टक्क्यांशी बकेट जुळवा, क्लच सोडा, इंपेलर थांबल्याचं दर्शकावर बघा, आणि मगच इंजिन बंद करा.